डॉक्सोरुबिसिनला दाद न देणाऱ्या पेशी लॅबमध्ये कशा तयार करायच्या

आमच्याकडे नवीन आलेल्या प्रोजेक्ट स्टुडंटला मी आधीच सांगते, प्रोजेक्ट चार महिन्यांचा असेल तर दुसरा विषय घे. डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधाला न जुमानणाऱ्या, म्हणजे रेझिस्टंट, पेशी तयार व्हायला सहा महिने सहज जातात, कधी वर्षही.

सुरुवात एमटीटीने, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीने. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची आयसी-५०, म्हणजे वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, आपल्याच हाताने काढा. पेपरातला आकडा उचलू नका. तिच्या साधारण दहाव्या हिश्श्याने औषध सुरू करा. पहिल्या काही दिवसांत बऱ्याच पेशी मरून वर तरंगतील. मीडिया (पेशी वाढवायचं पोषक द्रव) बदला, तळाला धरून राहिलेल्यांना वाढू द्या. फ्लास्क सत्तर-ऐंशी टक्के भरायला लागला आणि दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवायच्या फेऱ्या) वाढीचा वेग टिकला, की मात्रा दीडपट करा. दुप्पट करायचा मोह होतो. फ्लास्क रिकामा झाला की तो आपोआप उतरतो!

प्रत्येक टप्प्याच्या दोन-तीन व्हायल फ्रीझ करा. मूळ पेशींचा फ्लास्क औषधाशिवाय शेजारीच चालू ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? वापरलेला मीडिया सिंकमध्ये ओतायचा नाही, तो सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशींना घातक, कचऱ्यात.

आता गंमतीचा भाग. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकतं. फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपखाली मूळ पेशींची केंद्रकं लाल दिसतात, रेझिस्टंट पेशींची बऱ्याचदा फिकी. अशा वेळी पहिला संशय पी-ग्लायकोप्रोटीनवर. पेशीच्या आवरणातला हा पंप होडीतलं पाणी उपसावं तसं औषध बाहेर टाकतो. १९७६ मध्ये टोरोंटोत ज्युलियानो आणि लिंग यांना तो हॅमस्टरच्या पेशींत सापडला. व्हेरापामिल (हो, बीपीवर देतात तेच) घालून पुन्हा बघा. केंद्रकं परत लाल झाली तर पंपाचं काम. नाही झाली तर टोपोआयसोमरेज-२ हे डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम तपासा, औषधाचा मारा त्याच्यावर असतो. पेशीने आत्मनाशाची वाट अडवली आहे का, तेही बघा.

एसटीआर टेस्ट, म्हणजे पेशी नक्की कुठल्या हे डीएनएवरून ओळखणारी चाचणी, मात्र टाळू नका. एमसीएफ-७ ची रेझिस्टंट बहीण म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली एक प्रसिद्ध सेल लाइन शेवटी अंडाशयाच्या कॅन्सरची, ओव्हीसीएआर-८ ची निघाली.

आणि व्हेरापामिलने पेशी पुन्हा मरायला लागल्या म्हणून पोस्टरवर ‘उपचार’ हा शब्द लिहू नका. पंप अडेल इतकी मात्रा माणसाच्या हृदयाला झेपत नाही.