नाशिकमधून गुन्हे शाखेपर्यंत कसं पोहोचायचं?

महाराष्ट्र पोलीस दलात ‘डिटेक्टिव्ह’ म्हणून थेट भरती होत नाही. त्या नावाची जाहिरात नाही आणि परीक्षाही नाही. गुन्हे शाखेतले साध्या वेशातले लोक आधी खाकी घालून कुठल्या तरी ठाण्यात बंदोबस्त करून आलेले असतात. म्हणजे आधी पोलीस व्हायचं आणि मग तपासाकडे सरकायचं. क्लासवाले पहिल्या टप्प्यावरच थांबतात, म्हणून इथे दुसऱ्यावर जरा जास्त लिहितो.

आधी भरतीचं दार ठरवा

बारावी झाली असेल तर पोलीस शिपाई भरती. खुल्या गटासाठी वय 18 ते 28, उंची मुलांना किमान 165 सेंमी आणि मुलींना 155. मैदानी चाचणी 50 गुणांची (धावणं आणि गोळाफेक), लेखी 100 गुणांची. शहर आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण यांची भरती वेगवेगळी असते, तेव्हा अर्ज भरताना घटक, म्हणजे कुठल्या दलासाठी अर्ज करताय ते, नीट बघा.

पदवी असेल तर एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे पीएसआय. पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी आणि मुलाखत अशी लांबलचक रांग आहे. निवड झाली की प्रशिक्षण त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत, म्हणजे नाशिककराला घराजवळच.

माझं मत विचाराल तर तपासाची आवड असलेल्या पदवीधराने पीएसआयचाच नाद धरावा, कारण गंभीर गुन्ह्याची कागदपत्रं अधिकाऱ्याच्या हातात असतात. पण माग काढणारे, चेहरे ओळखणारे अव्वल लोक बहुतेक वेळा हवालदारच निघतात, हेही तितकंच खरं.

लिहायला शिका, आजपासून

तपास म्हणजे पाठलाग ही समजूत डोक्यातून काढा. तपास म्हणजे जबाब, पंचनामा, केस डायरी (तपासाची रोजची नोंद) आणि शेवटी दोषारोपपत्र. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे आरोपी ‘पोपटासारखा बोलला’ तरी कागद कच्चा असेल तर केस पडते.

गंगापूर रोडवर सोनसाखळी खेचली गेली, असं समजा. ‘दोन अनोळखी इसम मोटारसायकलवरून आले’ एवढ्यावर जबाब संपवणारा पोलीस पुढे काहीच शोधू शकत नाही. गाडीचा रंग कोणता, मागच्याच्या पायात चप्पल की बूट, हात कोणता पुढे आला, बोलले तर भाषा कोणती, वळले कुठे, हे फिर्यादीच्या मनात ताजं असतं तेव्हाच विचारावं लागतं. मग त्या वळणावरच्या दुकानांचे कॅमेरे. फुटेज घेताना कॅमेऱ्यातली वेळ आणि खरी वेळ यांतला फरक आधी लिहून घ्यायचा. दुकानातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ बऱ्याचदा पुढेमागे असतं आणि बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

सराव घरीही करता येतो. रविवार कारंजावर दहा मिनिटं उभे राहा, घरी येऊन काय दिसलं ते तारीख, वेळ, दिशा यांसह लिहा. दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन ताडून बघा. पहिल्यांदा निम्मं चुकतं.

कायदा नवा वाचा

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता करावं लागतं, आणि सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद आहे. जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका.

ठाण्यातून डीबीत, डीबीतून शाखेत

प्रत्येक ठाण्यात गुन्हे शोध पथक असतं, बोलीत ‘डीबी’. खरं दार हेच. माणसं निवडताना वरिष्ठ निरीक्षक बघतात ते हद्दीची माहिती: सराईत कोण, तडीपार कोण, जामिनावर कोण सुटला, कोणाची कोणाशी उठबस. ही माहिती गस्त घालताना, चहाच्या टपरीवर थांबून, लोकांशी बोलूनच मिळते. खबरी असेच जुळतात, आणि दिलेला शब्द पाळला तरच टिकतात.

हद्दीप्रमाणे कामही बदलतं. पंचवटीत गोदाघाटावरची गर्दी आणि खिसेकापू. 2027 च्या सिंहस्थात तर सगळ्यांची परीक्षाच आहे. अंबड-सातपूरला कारखान्यांतल्या चोऱ्या. ग्रामीणमध्ये दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाचे पैसे बुडवून पळालेले व्यापारी, तिथे धावण्यापेक्षा बँकेचे उतारे वाचता येणं कामाचं.

डीबीत उलगडे झाले की शहरात आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेचं युनिट, ग्रामीणमध्ये स्थानिक गुन्हे शाखा, अर्थात ‘एलसीबी’. नेमणूक आदेशाने होते आणि आदेशानेच परत ठाण्यातही यावं लागतं. ती कायमची खुर्ची समजू नका. नाशिकमध्येच गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालय आहे. सेवेत असताना तिथल्या प्रशिक्षणासाठी नाव पाठवलं जावं म्हणून वरिष्ठांच्या मागे लागा, लाजू नका.

वर्दी नको असेल तर

विज्ञानाचे पदवीधर न्यायसहायक प्रयोगशाळेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवू शकतात. नाशिकमध्ये प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. खासगी गुप्तहेराला मात्र अटकेचा, झडतीचा कसलाही अधिकार नसतो. कुणाचे कॉल रेकॉर्ड ‘काढून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीत नोकरी धरलीत, तर गुन्हे शाखेत जाल खरे, पण आरोपी म्हणून.