नायट्रेट शून्य दाखवतंय? आधी दुसरी बाटली हलवा

टाकीत मासे भरपूर, महिनाभर पाणी बदललेलं नाही, आणि तरी पाणी तपासायच्या थेंबांच्या किटवर नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं द्रव्य) शून्य! असं दिसलं की मी आधी दुसऱ्या बाटलीवर संशय घेतो. बहुतेक किटमध्ये त्या बाटलीत जस्ताची बारीक पूड असते. ती तळाला घट्ट बसते आणि थेंबात उतरली नाही तर रंग येतच नाही.

बाटली टेबलावर दोन-चारदा आपटून गाळ सुटा करा, मग पूर्ण 30 सेकंद जोरात हलवा. माझ्या किटचं माप असं: 5 मिली पाणी, पहिलीचे 10 थेंब, नळी उलटसुलट, दुसरीचे 10 थेंब, मिनिटभर जोरात हलवणं, 5 मिनिटं थांबणं. बाटली सरळ उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. रंग खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर बघा. पिवळ्या बल्बखाली नारिंगी आणि लाल ओळखू येत नाहीत.

तरी शंका असेल तर 1.63 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून 1 लिटर करा. त्यातले 20 मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने लिटर भरा. किटने 20 पीपीएम (लिटरमागे 20 मिलिग्रॅम) नायट्रेट दाखवलंच पाहिजे.

टाकीत भरायचं पाणीही तपासा: बेळगावात राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी आणि घरची बोअर वेगवेगळी तपासा. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असल्याने पीएच (आम्लतेचं माप; कमी म्हणजे पाणी जास्त आम्ल) कमी दिसतो. बादलीत एअर पंप लावून 24 तासांनी मोजा.