वाचनालयातल्या वाचकांना लिहितं-बोलतं कसं करायचं

तुमच्या गावच्या वाचनालयात जा आणि काउंटरवरची अभिप्राय वही उघडा. आत काय असेल ते मी इथूनच सांगते. "उपक्रम स्तुत्य आहे." "पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा." "छान." खाली सही, सहीखाली हुद्दा, आणि तारीख बहुतेक वर्धापनदिनाची नाहीतर १५ ऑक्टोबरची, कारण वाचन प्रेरणा दिनाला पाहुणे येतात आणि पाहुण्यांपुढे वही सरकवायची पद्धतच आहे. जो माणूस वीस वर्षं दर मंगळवारी पुस्तक बदलायला येतोय त्याची एक ओळ त्या वहीत सापडणार नाही.

आणि हाच माणूस बाहेर चपला घालता घालता दुसऱ्याला सांगत असतो, अहो ती कादंबरी नेऊ नका, निम्म्यानंतर पार झोपलीये. म्हणजे मत आहे, तेही चांगलं खणखणीत, फक्त आपण मागतो तिथे ते येत नाही. मी तालुक्याच्या गावी एका छोट्या वाचनालयात दुपारी काउंटरला बसते, बरीच वर्षं झाली, आणि वाचकांकडून काढून घेण्याचे जे काही उद्योग केले त्यातले चाललेले आणि आपटलेले दोन्ही इथे लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बघा.

पहिली गोष्ट म्हणजे "कसं वाटलं पुस्तक?" हे विचारणं आजपासून बंद. या प्रश्नाचं उत्तर "छान" असं ठरलेलं आहे, कुणाकडे जेवायला गेल्यावर भाजी कशी झालीये विचारलं तर आपण काय सांगतो, तसंच. आणि "अभिप्राय" हा शब्दच मुळात भारी आहे हो, तो ऐकला की माणसाला वाटतं आता परीक्षण लिहायचंय, लेखकाची शैली वगैरे, नको बाई. त्यापेक्षा बारीक विचारा. कुठल्या पानावर सोडावंसं वाटलं? कुणाचा राग आला? शेवट आधीच कळला होता का? मी एकदा एका काकूंना विचारलं, यातली कुठली बाई तुमच्या शेजारी राहायला आली तर चालेल? काकू दहा मिनिटं बोलत होत्या, मागे तीन जण पुस्तक घेऊन उभे, आणि त्यातल्या एकाने मध्येच तोंड घातलं की ती नको, ती उसनं घेऊन परत देणार नाही.

दुसरं, वही लांब ठेवू नका, पुस्तकातच जागा करून द्या. ही कल्पना मला वाचकांनीच दिली खरं तर. तुम्ही वाचनालयात काम करत असाल तर माहीत असेल, जुने सभासद पुस्तकात खुणा करून ठेवतात. कुणी पान १७ वर कोपऱ्यात बारीक फुली मारतं, कुणी २५ व्या पानाच्या आकड्याभोवती गोल, म्हणजे पुढच्या वेळी पुस्तक उचललं की ते पान बघायचं, आपली खूण असेल तर वाचलेलं आहे, ठेवून द्यायचं. आणि रहस्यकथांमध्ये तर कुणी ना कुणी महाभाग पेन्सिलने आधीच लिहून ठेवतो की खून भावाने केलाय. आपण भिंतीवर बोर्ड लावतो, पुस्तकात लिहू नये, आणि पलीकडे रडतो की वाचक लिहीत नाहीत!

तर आम्ही काय केलं, परतीच्या तारखांची चिठ्ठी असते ना मागे, तिच्यासमोर एक कोरा कागद नुसत्या वरच्या कडेला डिंक लावून चिकटवला आणि वर दोनच प्रश्न लिहिले. हे पुस्तक कुणाला द्याल? कुणाला अजिबात देणार नाही? सुरुवातीला फक्त चाळीस पुस्तकांना, जी सारखी फिरतात त्यांना. सगळ्या पुस्तकांना लावायच्या भानगडीत पडू नका, कोरे कागद बघून लोकांना वाटतं कुणीच लिहीत नाहीये तर मी कशाला. उत्तरं काय आली बघा, "ज्याला झोप लागत नाही त्याला द्या, लागेल." "सासूबाईंना नको." "पहिली ४० पानं नेट लावा, मग सुटत नाही." या तिसऱ्या ओळीने ते पुस्तक कपाटातून बाहेर काढलं, नाहीतर त्याची तारखांची चिठ्ठी जवळपास कोरी होती. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची जी पाच सूत्रं मांडली त्यात एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आमच्याकडे ते काम त्या डिंकाच्या कागदाने केलं, मी कितीदा तरी ते पुस्तक लोकांच्या हातात दिलं होतं, कुणी नेलं नव्हतं.

आता एक माझी चूक. वही नव्याने सुरू केली तेव्हा मला वाटलं सुरुवात दणक्यात व्हावी, म्हणून एका निवृत्त मुख्याध्यापक सरांना पहिलं लिहायला लावलं. सरांनी अडीच पानं लिहिली, मोत्यासारखं अक्षर, समासात रेघ, शेवटी एक संस्कृत सुभाषित. महिनाभर वहीला कुणी हात लावला नाही. कोण लावणार त्याच्या खाली? मग कसंबसं एका ताईंनी चार ओळी लिहिल्या, खूप मनापासून लिहिल्या होत्या, आजारी आईजवळ हॉस्पिटलमध्ये बसून ते पुस्तक वाचलं म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात बघते तर सरांनी लाल पेनाने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले. वाईट हेतूने नाही हो, सवयीने. पण त्या ताईंनी ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणि परत कधी वहीत लिहिलं नाही. मी आजही त्यांच्यापुढे वही सरकवत नाही, मला लाज वाटते. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, इथे शुद्धलेखन तपासलं जात नाही. आणि लाल पेन काउंटरवर ठेवतच नाही, सुतळीने बांधलेलं निळं एकच.

म्हणजे सुरुवातीच्या तीन-चार नोंदी मुद्दाम साध्या माणसांच्या हव्यात, एकदोन ओळींच्या, खाडाखोड असलेली एखादी असली तर उत्तमच. एक तुमची स्वतःची असू दे, पण स्वतःच्या नावाने. खोट्या नावाने पाच नोंदी लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता, करू नका, गाव लहान आहे, अक्षर ओळखतात.

ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा लाज आहे त्यांना म्हणायचं, तुम्ही सांगा, मी लिहिते. याला वेळ जातो पण सगळ्यात भारी माल इथून मिळतो. एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हरकाका आहेत आमचे सभासद, त्यांनी एका कादंबरीवर सांगितलं की लेखकाने रात्रीची बस घाटात चहाला थांबवलीये, तिथे थांबायला जागाच नाही, वळणावर गाडी लावली तर मागून येणारा ट्रक थेट आत, लेखक तिथे दिवसा कारने गेला असणार. मी शब्द न बदलता लिहिलं. "त्यांचं म्हणणं असं की" वगैरे करून गुळगुळीत केलं असतं तर मेलंच असतं ते. ती नोंद वाचायला लोक वही मागून घेत होते.

मग उत्तर. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच कुणी करत नाही. माणसाने लिहिलं आणि त्यावर काहीच घडलं नाही की तो दुसऱ्यांदा लिहीत नाही, साधा हिशोब आहे. प्रत्येक नोंदीखाली आठवड्याच्या आत एक ओळ तरी लिहायची, आणि "धन्यवाद" ही ओळ धरायची नाही. "याच लेखिकेचं दुसरं तिसऱ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे, तुमच्यासाठी बाजूला ठेवू का?" असं काहीतरी. कुणी मागवलेलं पुस्तक आलं तर नोंदीखाली तारीख टाकून लिहायचं, आलं. कधीकधी मी पोस्टकार्ड टाकते, पन्नास पैशांत होतं काम. एका आजोबांना असं एक टाकलं होतं, तुम्ही त्या चरित्रातल्या चुकीच्या सनाबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे, आम्ही पुस्तकात चिठ्ठी लावलीये. घर वाचनालयापासून चार गल्ल्या लांब, पण आजोबा ते कार्ड शर्टाच्या खिशात घालून आले आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर त्यांनी इतके सन काढून दिले की मला नको झालं, तो भाग वेगळा.

दिवाळीनंतरचे तीन-चार महिने अजिबात वाया घालवू नका. मनोरंजन मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस वर्षातून एकदा तरी संपादकापेक्षा मला जास्त कळतं या आवेशात येतो, तो आवेश वापरायचा. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरलेली असते, एकेक अंक हातोहात फिरत असतो, तुलना आपोआप होते. आम्ही काउंटरवर बरण्या मांडतो, प्रत्येक बरणीवर एका अंकाचं नाव, आणि बाजूला वाटीभर चिंचोके. अंक परत करताना आवडला तर त्याच्या बरणीत एक चिंचोका. बस. लिहायचं काही नाही. पण गंमत अशी की चिंचोका टाकल्यावर माणूस गप्प बसूच शकत नाही, तो लगेच सांगतो का टाकला, आणि ज्याने टाकला नाही तो तर जास्तच सांगतो. तेवढ्यात वही पुढे करायची. (मुलांपासून वाटी लांब ठेवा, एका वर्षी सगळ्यात लहान अंकाला पन्नासेक मतं पडली होती, कारण त्या बरणीचं तोंड मोठं होतं.)

महिन्यातून एकदा वाचक कट्टा भरवत असाल तर त्याचं थोडक्यात सांगते. स्टेज नको, शाल-श्रीफळ नको, सूत्रसंचालन तर मुळीच नको. पाहुणे पाऊण तास बोलतात आणि शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" म्हणून दोन सेकंद थांबतात, मग "नसेल तर आभार", याला चर्चा म्हणत नाहीत. खुर्च्या गोल लावा. आधी प्रत्येकाला शेजारच्याशी दोन मिनिटं बोलू द्या, तिथे जीभ सैल होते, मग सगळ्यांत बोलणं सोपं जातं. प्रश्न टाकल्यावर मनात दहा अंक मोजा, तोपर्यंत स्वतः तोंड उघडायचं नाही, फार अवघड आहे हे, मला अजून जमत नाही नीट. आणि वेळ दुपारी चारची ठेवा, संध्याकाळी सातला ठेवलं की बायका येऊ शकत नाहीत, स्वयंपाक असतो, मग नुसते रिटायर्ड पुरुष येतात आणि त्यातले दोघेच बोलतात.

नावाचं काय करायचं हा प्रश्न येतोच. छोट्या गावात नावानिशी लिहायला लोक कचरतात, विशेषतः सुना. आम्ही टोपणनाव चालतं असं सांगून टाकलंय. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, १८४८ पासून प्रभाकर साप्ताहिकात त्यांनी पत्रं लिहिली ती लोकहितवादी या नावाने, मग आमच्या "गल्लीतली वाचक" हिला नाव कशाला विचारायचं? फक्त एक नियम, पुस्तकाला काय वाटेल ते बोला, गावातल्या माणसाबद्दल नाही. एकदा कुणीतरी तसं लिहिलंच. पान फाडलं असतं तर गावभर चर्चा की फाडलेल्या पानावर काय होतं, म्हणून मी त्यावर कोरा कागद चिकटवला आणि खाली लिहिलं, हे पुस्तकाबद्दल नव्हतं म्हणून झाकलंय. बोंबाबोंब झाली नाही. पण वाचनालयावर टीका असेल, पंखा बंद आहे, अमुक पुस्तक दोन वर्षं मागतोय, ती अजिबात झाकू नका, उलट तिचंच उत्तर सगळ्यात आधी द्या, संचालक मंडळ कुरकुर करेल, करू द्या.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं विचाराल तर आमचा आहे, तिथे सुप्रभात येतं आणि वाढदिवस येतात, पुस्तकावर बोलणं फारसं होत नाही. मी तिथे फक्त वहीतल्या एखाद्या नोंदीचा फोटो टाकते, लिहिणाऱ्याला विचारून, की दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं वही बघायला येतात.

आणि वही भरली की ती कपाटाच्या वर टाकून देऊ नका. आम्ही आमच्या पहिल्या दोन वह्यांना पुठ्ठा घालून शिवून घेतलं, दाखल नोंदवहीत चढवलं, पाठीवर नंबर टाकला आणि मागे तारखांची चिठ्ठी लावून इतर पुस्तकांसारख्या कपाटात ठेवल्या. पहिली वही आतापर्यंत अकरा वेळा गेलीये घरी. ड्रायव्हरकाकांनीच ती एकदा महिनाभर ठेवून घेतली होती, नातेवाइकांना दाखवायला म्हणून. दंड भरला त्यांनी, हसत हसत.