बेस अँप, पाखाडी आणि साकव

कोकणात बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात नव्याने बेस गिटार वाजवायला लागलेल्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. अँपचा, म्हणजे बेसचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा, खरा प्रवास गाडी थांबते तिथून सुरू होतो. मुंबईहून गुहागरपर्यंतचे अडीचशे-तीनशे किलोमीटर कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, टेम्पोत निवांत येतं. त्यानंतरचे दोनशे फूट मात्र जांभ्याच्या पाखाडीचे (दगडी पायऱ्यांच्या वाटेचे), गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीचे, नाहीतर भुसभुशीत वाळूचे असतात. पाठ, मनगट आणि स्पीकर तिन्ही तिथेच दुखावतात. म्हणून अँप विकत घेताना वॉट आणि ब्रँड बघण्याआधी हे दोनशे फूट डोळ्यांसमोर आणा.

बेसचा अँप जड असतो याला कारण आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. इतका खालचा स्वर मोठ्याने ऐकू यायला बरीच हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठी पेटी, जाड प्लायवूड आणि मोठी चुंबकं लागतात. जुन्या पद्धतीच्या अँपमध्ये वर लोखंडी ट्रान्सफॉर्मरही असतो. अँपेगच्या एसव्हीटी मालिकेतलं दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट साठ किलोच्या पुढे जातं आणि त्यावर ठेवायचं एसव्हीटी-सीएल हे व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अँप, एकटंच सुमारे ३६ किलोचं आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. अनुकूल परिस्थिती म्हणजे सपाट जमीन, चांगली पकड आणि अंगालगत असलेलं ओझं. पाखाडीवर यातलं काहीच नसतं.

म्हणून कोकणात फिरायचं असेल तर आमचा सल्ला सरळ आहे: क्लास-डी या हलक्या सर्किटचं हेड आणि निओडायमियम या हलक्या चुंबकाच्या स्पीकरची दोन लहान कॅबिनेटं घ्या. क्लास-डी हेड दोन-तीन किलोचं असतं, पाठीवरच्या पिशवीत मावतं आणि ३०० ते ५०० वॉट देतं. बारा इंची एका स्पीकरचं हलकं कॅबिनेट साधारण १२ ते १५ किलोचं मिळतं. दोन्ही कॅबिनेटं ८ ओहमची घेतली की जोडल्यावर एकूण ४ ओहम होतात आणि बहुतेक हेड तेवढ्यावरच पूर्ण ताकद देतात. ४ ओहमची दोन जोडली तर २ ओहम होतील. ते आपल्या हेडला चालतं का हे मागच्या पट्टीवर वाचल्याशिवाय जोडू नका. लहान अंगणातल्या कार्यक्रमाला एकच कॅबिनेट न्यायचं, मोठ्या मैदानाला दोन. सगळं एकाच पेटीत हवं असेल तर फेंडर रंबल ५०० सारखा काँबो साडेसोळा किलोच्या आसपास आहे, एका माणसाला झेपतो.

व्हॉल्व्हच्या जड अँपचा आवाज वेगळा आणि देखणा असतो, हे आम्हाला मान्य आहे. ज्या नाट्यगृहात टेम्पो थेट रंगमंचाच्या मागच्या दाराला लागतो तिथे तो जरूर न्यावा. वाडीतल्या लग्नाला नको. तिथे लोकांपर्यंत बेस पोचवायचं काम साउंडवाल्याच्या अठरा इंची सबवूफरचं असतं. तुमचा अँप तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावा इतपत पुरे. हेडच्या मागचा डीआय आउट, म्हणजे मिक्सरला थेट सिग्नल देणारा जोड, साउंडवाल्याच्या मिक्सरला द्या. त्यासाठी १० मीटरची एक्सएलआर (माइकला लागते तशी) केबल स्वतःची ठेवा, कारण त्याच्याकडच्या केबल गायकांच्या माइकलाच पुरत नाहीत.

सुपारी घेताना तारीख आणि मानधनाबरोबर वाटेची चौकशी करा. गाडी मांडवापर्यंत येते का, की वरच्या रस्त्यावर थांबते? पाखाडी आहे का, पायऱ्या किती, चढ की उतार? मध्ये साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आहे का, त्याची रुंदी किती? रात्री वाटेवर दिवा असतो का? ‘हे काय, इथंच आहे’ या उत्तरावर थांबू नका. सांगणारा ती वाट रोज मोकळ्या हाताने चालत असतो, त्याला ती लांब वाटतच नाही. कुणाला तरी रस्त्यापासून स्टेजपर्यंत चालत मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. दोन मिनिटांच्या त्या व्हिडिओवरून कोणतं कॅबिनेट न्यायचं आणि किती माणसं लागतील ते ठरवता येतं.

आता वाहन. रिक्षाच्या मागच्या सीटवर बारा इंची काँबो सहज बसतो; चार स्पीकरचं कॅबिनेट दारातून आत जात नाही, तो नाद सोडा. कोकण रेल्वेने जाणार असाल तर स्लीपर आणि थ्री एसीत ४० किलो, सेकंड क्लासात ३५ किलो सामान मोफत नेता येतं. पण मापाचीही अट आहे. डब्यात न्यायची पेटी १०० × ६० × २५ सेंटीमीटरच्या आत हवी आणि थ्री एसीसाठी माप त्याहून लहान आहे. बेसचं कॅबिनेट सहसा २५ सेंटीमीटरहून जाडच असतं, म्हणजे नियमाने ते ब्रेकव्हॅनमध्ये बुक करायचं. लहान स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात पेटी उतरली नाही तर ती पुढे निघून जाते. त्यापेक्षा बेस आणि हेड आपल्याबरोबर ठेवावं आणि कॅबिनेट आदल्या दिवशी साउंडवाल्याच्या टेम्पोतून पाठवावं.

छोट्या हत्तीसारख्या टेम्पोत अख्ख्या बँडचं सामान मावतं. जड कॅबिनेटं ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून, पायांवर उभी, जाळीची बाजू केबिनकडे करून ठेवा आणि मध्ये गोधडी घाला. हलकं सामान त्यांच्या मागे. आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली यांपैकी कोणताही घाट असो, वळणावर सामान पुढेमागे सरकण्यापेक्षा आडवं सरकतं. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या फटी गाद्यांनी किंवा गुंडाळलेल्या सतरंज्यांनी भरा. रॅचेट पट्टे दोन लावा, एक कॅबिनेटच्या खालच्या तिसऱ्या भागावर आणि एक वरच्या. एकच पट्टा मधोमध लावला तर पेटी त्याच्याभोवती डुलत राहते. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर पट्टा आवरण कापतो. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा, कारण सामान तोवर खाली बसून पट्टे सैल झालेले असतात. पावसाळ्यात ताडपत्री वरून तर हवीच, पण खालूनही हवी. टेम्पोच्या पत्र्यावर साचलेलं पाणी कॅबिनेटच्या तळातून वर चढतं.

हेड मात्र मागे ठेवू नका. ते पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. व्हॉल्व्हचं हेड असेल तर कार्यक्रम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या आणि मगच हलवा. एसव्हीटी-सीएलमध्ये सहा ६५५० व्हॉल्व्ह असतात. तापलेल्या व्हॉल्व्हला गाडीचे हादरे बसले की आतल्या नाजूक जाळ्या सरकतात आणि एखादा गेला तर जोडीच्या मापाचा दुसरा शोधत मुंबई गाठावी लागते.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला या जेट्टींवरून टेम्पो फेरीबोटीने पलीकडे जातो आणि बराच वळसा वाचतो. फेरीवर ओहोटीच्या वेळी उतार तीव्र असतो आणि खालचा भाग शेवाळलेला. गाडी चढताना सामान मागे ओढलं जातं, म्हणून मागच्या फाळक्याला टेकून काही ठेवू नका. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्या नेणारी बोट) २०२० पासून आहे. अलिबागकडच्या कार्यक्रमांसाठी तीच धरावी. गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी लाँचने कॅबिनेट नेऊ नका. हलत्या बोटीतून जेट्टीच्या पायरीवर जड पेटी देणं-घेणं धोक्याचं आहे आणि त्या लाँच ऐन पावसाळ्यात बंदच असतात. भरतीची वेळ अंदाजायला कोळ्यांचा हिशोब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. किनाऱ्यावर स्टेज असेल तर हा हिशोब आधीच करा आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर येतं हेही धरा.

पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात, कडा झिजलेल्या असतात आणि जून ते ऑक्टोबर त्यांवर शेवाळ असतं. चपला घालून उचलायला जाऊ नका, खाचांच्या रबरी तळाचे बूट घाला. कॅबिनेटची छोटी चाकं इथे निरुपयोगी आहेत, उलट मध्येच पायरीला अडकतात. ती खेचून निघणारी असतील तर गाडीतच काढून ठेवा. एकट्याने उचलायच्या पेटीची जाळीची बाजू छातीकडे घ्या. स्पीकर पुढच्या फळीवर बसवलेले असल्याने वजन त्या बाजूला जास्त असतं आणि ते अंगाजवळ आलं की कंबरेवरचा ताण उतरतो. गुडघे वाकवून उचला. उचललेल्या अवस्थेत कंबरेतून वळू नका, पावलं टाकून वळा.

दोघांनी न्यायची पेटी असेल तर चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा ताकदीचा माणूस खालच्या बाजूला हवा, कारण कललेल्या पेटीचा भार खालच्याकडे जातो. खालच्याने तळाची कड धरायची, वरच्याने वरची मूठ. दोघांनीही तिरकं उभं राहून आडवी पावलं टाकायची, कुणीही पाठमोरं चालायचं नाही. तिसरा माणूस विजेरी घेऊन दोन पायऱ्या पुढे. ‘उचल’, ‘थांब’, ‘ठेव’ हे शब्द फक्त त्यानेच बोलायचे. चार जण चार सूचना द्यायला लागले की पेटी पडते. दम खायला पायरीवर थांबू नका, सपाट टप्प्यावर थांबा.

वाट लांब असेल तर दोघांच्या खांद्यावरच्या दांड्यावर नेणं हा सर्वांत चांगला मार्ग, आणि गावातल्या गड्यांना तो अंगवळणी पडलेला असतो. माणग्याचा सात-आठ फुटी भरीव बांबू घ्या. सुंभाचे दोन वेढे पेटीच्या तळाखालून एकमेकांना छेदून घ्या आणि वर दांड्याला घट्ट आवळा. सुंभ खरखरीत असल्याने भिजला तरी गाठ धरून ठेवतो, नायलॉन मात्र सरकतो. दांड्यावरची गाठ सरकू देऊ नका, नाहीतर चढावर पेटी घरंगळत खालच्या माणसाच्या छातीवर येते. पेटी दांड्याला जवळ बांधा. लोंबती ठेवली तर तळ प्रत्येक पायरीवर आपटतो आणि त्या आपटण्याने चुंबक जागचं हलू शकतं. मग कॉइल घासते आणि स्पीकर गेला. साकवावर एका वेळी एकच ओझं न्या, बाकीच्यांनी अलीकडे थांबा.

पोफळीच्या वाडीत पाटाचं पाणी मुरून जमीन मऊ असते आणि किनाऱ्यावर वाळू. दोन्हीकडे लहान चाकं रुततात. १२ मिलिमीटर प्लायच्या चार फूट लांब, दोन फूट रुंद अशा दोन फळ्या जवळ ठेवा. एकीवरून ट्रॉली पुढे न्यायची, मागची उचलून पुढे टाकायची. ट्रॉलीला हवा भरायची आठ-दहा इंची चाकं असतील तर हवा थोडी कमी करा, ती वाळूवर पसरतात. स्टेजवर याच फळ्या कॅबिनेटखाली घाला. मागून हवा सोडणाऱ्या कॅबिनेटमध्ये भोकातून वाळू आत गेली की ती काढायला स्पीकर उतरवावे लागतात.

एसी गाडीतून उतरवलेलं हेड लगेच चालू करू नका. गार पत्र्यावर बाहेरची दमट हवा लागून आत पाणी धरतं. अर्धा तास पिशवीबाहेर ठेवा. तेवढ्या वेळात प्रवासात काय सैल झालं ते तपासा: स्पीकरचे स्क्रू, मुठी, जॅकचा नट, स्पीकॉन (स्पीकर केबलचा फिरवून बसवायचा प्लग) पूर्ण फिरून ‘टक्’ झाला का. व्हॉल्व्हचं हेड स्पीकरची तार जोडल्याशिवाय कधीही चालू करायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कॅबिनेट शाबूत आहे का हे वीज नसतानाही कळतं. स्पीकर केबलचं एक टोक कॅबिनेटला लावा आणि दुसऱ्या टोकाच्या जॅकच्या टोकाला व बाजूला पेन्सिल सेलची दोन टोकं क्षणभर टेकवा. ‘खट्’ आवाज होऊन सगळे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. एखादा हलला नाही तर बहुधा आतली चपटी क्लिप हादऱ्याने निघालेली असते. पक्कडीने दाबून बसवली की काम होतं.

परतीची माणसं सुपारी घेतानाच ठरवा. कार्यक्रम रात्री एक-दीडला संपतो, सामान आणताना मदतीला धावलेली पोरं तोवर घरी गेलेली असतात आणि दमलेल्या अंगाने दोघांनीच उचलायला जाताना कंबर धरते. आयोजकाला स्पष्ट सांगा: येताना चार माणसं, जाताना चार माणसं, हमाली मानधनाहून वेगळी आणि ती गड्यांच्या हातात थेट. घरी पोचल्यावर कितीही वाजले असले तरी कॅबिनेट ओल्या आवरणात ठेवू नका. आवरण काढा, कोपऱ्याचे पत्रे आणि जॅक गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून मग कोरड्याने पुसा, म्हणजे खाऱ्या हवेने गंज धरत नाही. पेटी भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर उभी करा.