लोगो लहान करताना पारदर्शकता का बिघडते

सांगलीच्या हळदीच्या पाकिटावर छापायचा लोगो इमेजमॅजिकने (कमांड देऊन चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) लहान केला आणि मागे काळा चौकोन आला, तर आधी आउटपुटचा फॉरमॅट बघा. जेपेगमध्ये अल्फा चॅनेलच, म्हणजे पारदर्शकतेची माहितीच, नसते. पीएनजीत सेव्ह करा. जेपेगच हवा असेल तर सेव्ह करण्याआधी ‘-बॅकग्राउंड व्हाइट -अल्फा रिमूव्ह -अल्फा ऑफ’ द्या. नुसतं ‘-अल्फा ऑफ’ कधीच देऊ नका: पारदर्शक पिक्सेलच्या पोटात दडलेला रंग, बहुतेकदा काळा, उघडा पडतो.

जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण अपारदर्शक. त्यामुळे सावली आणि अक्षरांच्या मऊ कडा दातेरी होतात. आउटपुटच्या नावाआधी ‘पीएनजी३२:’ लिहिलं की पूर्ण आठ बिटांचा अल्फा टिकतो.

ट्रिमचं, म्हणजे कडेची रिकामी जागा कापण्याचं, दुखणं वेगळं. कडेला एक-दोन टक्के अपारदर्शक पिक्सेल उरले असतील, तर डोळ्याला रिकामी दिसणारी जागा कापलीच जात नाही. ‘-ट्रिम’च्या आधी ‘-फझ ५%’ द्या, म्हणजे तेवढा किरकोळ फरक सोडून दिला जातो. फार वाढवलंत तर सावलीही जाईल. लगेच ‘+रिपेज’ हवंच, नाहीतर जुन्या कॅनव्हासचं माप फाइलसोबत राहतं आणि पुढची जुळणी सरकते.

क्रम असा: ट्रिम, रिपेज, मग रिसाइझ. शेवटी ‘-एक्सटेंट’ने कडेला जागा वाढवून चौकोनी करायचं असेल तर त्याआधी ‘-बॅकग्राउंड नन -ग्रॅव्हिटी सेंटर’ (मागे रंग नको, लोगो मध्यभागी) लिहा. ते विसरलं की नवी जागा पांढरी भरते, आणि पांढऱ्या स्क्रीनवर ते कळतही नाही. म्हणून तयार लोगो आधी गडद रंगावर ठेवून तपासा, मगच छापखान्यात पाठवा.