गच्चीवर यंत्रं बसवताना या चुका टाळा

व्यापारी इमारतीची गच्ची गळायला लागली की पहिला फोन वॉटरप्रूफिंगवाल्याला जातो. तो येतो, कोट मारतो, हमीचा कागद देतो, आणि पुढच्या श्रावणात त्याच केबिनमध्ये पुन्हा बादली ठेवावी लागते. कोट बिचारा बऱ्याचदा ठीक असतो. पाणी शिरतं ते त्यावर उभ्या केलेल्या वस्तूंच्या पायांशी: एसीची आउटडोअर युनिटं, कूलिंग टॉवर, सोलरचे सांगाडे, केबल ट्रे, टाक्या. यंत्र बसवणारा वेगळा, फॅब्रिकेटर वेगळा, वॉटरप्रूफिंग करणारा वेगळा. यंत्राचा पाय गच्चीला टेकतो ती वीतभर जागा मात्र कुणाच्याच कोटेशनमध्ये नसते.

कोब्यात ठोकलेला बोल्ट

मुंबईतल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोबा (सिमेंटात बसवलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर) असतो, त्यावर चायना मोझॅक किंवा सिमेंटचा घोटीव थर. कोब्याची जाडी साधारण ७५ ते १५० मिमी. फॅब्रिकेटर १०० मिमी लांबीचा अँकर फास्टनर ठोकतो तेव्हा तो अनेकदा अख्खा कोब्यातच राहतो, स्लॅबपर्यंत पोचतच नाही. विटांच्या तुकड्यांत त्याला पकड मिळत नाही. कंप्रेसरच्या कंपनाने भोक रुंदावतं आणि पहिल्या पावसात तिथून पाणी आत उतरतं. लांब बोल्ट वापरून स्लॅब गाठला तर पकड मिळते, पण खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो. भोवती लावलेलं सिलिकॉन एक-दोन उन्हाळ्यांत कडा सोडतं.

जड आणि कायमच्या यंत्रासाठी खरा उपाय एकच, आरसीसी पेडेस्टल, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा छोटा चौथरा. पायाच्या जागेपुरता कोबा स्लॅबपर्यंत चौकोनी कापा. स्लॅबमध्ये १० किंवा १२ मिमीच्या सळ्या केमिकल अँकरने (भोकात सळई चिकटवणाऱ्या रसायनाने) बसवा. भोक ब्रश आणि फुंकणीने साफ केलं नाही तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. पेडेस्टल तयार गच्चीपासून किमान ३०० मिमी वर येऊ द्या. कापलेल्या कडेला वॉटरप्रूफिंग पुन्हा जोडून ते पेडेस्टलच्या अंगावर किमान १५० मिमी चढवा आणि कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई) काढा. बोल्ट पेडेस्टलच्या माथ्यावर. तिथे पाणी साचत नाही, त्यामुळे बोल्टाभोवती चीर पडली तरी ती गच्चीच्या पाण्याखाली जात नाही.

उंचीवर काटकसर नको. यंत्राखाली झाडू आणि हात गेला पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी कोट बदलताना कामगार यंत्राच्या कडेपर्यंत कोट मारून मोकळा होतो. चार-पाच फूट रुंद युनिटांच्या रांगेला ४५० मिमी उंची ठेवलेली बरी.

वजन कॅटलॉगमधलं की चालू यंत्राचं?

कूलिंग टॉवरचं रिकामं वजन आणि पाणी भरून चालतानाचं वजन यांत मोठा फरक असतो. हिशोब नेहमी चालू वजनाचा. टाकीच्या बाबतीत तर १,००० लिटर म्हणजे सरळ एक टन.

त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते टेकणाऱ्या क्षेत्रफळाकडे. ४०० किलोचं युनिट चार पायांवर, प्रत्येक पायाचा तळ ५० × ५० मिमी, म्हणजे १०० किलो २५ चौ. सेंमीवर. दर चौ. सेंमीला ४ किलो. हा पाय मेम्ब्रेनमध्ये (वॉटरप्रूफिंगच्या पातळ पडद्यात) रुततो आणि चायना मोझॅकची टाइल तडकवतो. खाली ३०० × ३०० मिमीची प्लेट आणि तेवढाच रबर पॅड दिला की तोच भार दर चौ. सेंमीला ०.११ किलोवर येतो. गच्चीवर थर्मोकोल किंवा फोम इन्सुलेशनचा थर असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तो थर दबला की वरचा घोटीव थर पोकळ होऊन फुटतो.

पसरवलेला भारसुद्धा शेवटी स्लॅबनेच उचलायचा असतो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात ये-जा असलेल्या सपाट छतासाठी १.५ किलोन्यूटन, म्हणजे दर चौ. मीटरला सुमारे १५० किलो चलभार (स्लॅबच्या स्वतःच्या वजनावर येणारा बदलता भार) धरतात. यंत्रांसाठी वेगळा विचार झाला नसेल तर तुमच्या स्लॅबचा हिशोब बहुधा एवढ्यावरच बेतलेला आहे. म्हणून पेडेस्टल तुळईवर किंवा कॉलमवर यावेत, तुळयांमधल्या मोकळ्या स्लॅबवर नाही. नकाशे सापडत नसतील तर वरच्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगच्या चार टाइल काढून तुळया मोजा आणि ती मापं गच्चीवर चुन्याने आखा. फोर्टमधल्या लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतींना हे नियम लागू पडत नाहीत; तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय काहीच चढवू नये. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल तपासणी बंधनकारक आहे. त्या अहवालात गच्चीवरच्या यंत्रांची यादी आणि वजनं लिहून घ्या. बहुतेक अहवालांत ती नसतात.

पाणी अडवणारे पाय

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तो टोकाचा दिवस झाला. पण तासाला १०० मिमीची सर धरून हिशोब केला तरी ५०० चौ. मीटरच्या गच्चीवर तासाला ५०,००० लिटर पाणी येतं. आउटलेटची तोंडं बुजली आणि पॅरापेटच्या आत १५० मिमी पाणी उभं राहिलं की ७५ टन. दर चौ. मीटरला बरोबर १५० किलो, म्हणजे चलभाराची सगळी मुभा नुसत्या पाण्याने खाल्ली. यंत्रांचं वजन त्यात धरलेलंच नाही.

तोंडं बुजवणारे ठरलेले असतात: युनिटांखाली घरटी करणाऱ्या कबुतरांची पिसं, कावळ्यांनी आणलेली हाडं आणि तारा, तुटलेल्या इन्सुलेशनचे काळे तुकडे, एसीवाल्याने टाकलेली पॅकिंगची प्लास्टिकं. सपाट जाळीवर एक पिशवी बसली की संपलं. घुमटाकार जाळी लावा, तिच्या बाजूंनी पाणी जात राहतं. आउटलेटभोवती ६०० मिमीपर्यंत कुठलाही पाय, पाइप किंवा ट्रे नको. पॅरापेटमध्ये गच्चीच्या पातळीपासून ५० ते ७५ मिमी वर ओव्हरफ्लोची भोकं ठेवा. त्यांतून पाणी रस्त्यावर पडताना दिसलं की वॉचमनला न सांगता कळतं की तोंड बुजलंय.

लांब केबल ट्रे किंवा चॅनेल उताराला आडवं टाकणं ही दुसरी नेहमीची चूक. त्याच्या मागे पाण्याचं तळं होतं. ट्रे उताराच्या दिशेने टाका, नाहीतर किमान १०० मिमी उचला. साचलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एक फेरी ठरलेली हवी. टाक्यांची झाकणं घट्ट आणि ओव्हरफ्लो पाइपला बारीक जाळी नसेल तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येते.

वारा वरून नाही, खालून उचलतो

सोलर पॅनलच्या पायांवर चार सिमेंटचे ठोकळे ठेवले की झालं, असं समजणारे पुष्कळ. मुंबईसाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग: सुमारे १,१६० न्यूटन, दर चौ. मीटरला साधारण ११८ किलो. उंची आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेचे गुणांक यात धरलेले नाहीत. २.५ चौ. मीटरच्या एका पॅनलवर हा जोर २९५ किलोच्या घरात जातो. त्याच्यापुढे २५-२५ किलोचे चार ठोकळे म्हणजे काहीच नाही. गच्चीच्या कडा आणि कोपऱ्यांवर ओढ सर्वांत जास्त असते, तरी जागा वाचवायला पॅनल तिथेच नेले जातात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १०० किमीच्या वर गेले होते. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच, मे महिन्यात. म्हणजे बोल्ट तपासायची वेळ मे अखेर नाही, एप्रिल आहे.

गंज आणि बोल्ट

नरिमन पॉइंट, वरळी, वांद्र्याच्या किनारपट्टीवर खारा वारा रंगाखाली शिरतो. साधा रंगवलेला अँगल तिथे घेऊच नका, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या. आणि सगळे कट, सगळी भोकं गॅल्व्हनाइजिंगच्या आधी मारून घ्या. साइटवर वेल्डिंग केलं की जस्त जळतं आणि गंज नेमका सांध्यावर सुरू होतो. बोल्ट डोळ्यांनी ओळखता येतात: चकचकीत, पिवळट झाक असलेले बहुधा इलेक्ट्रोप्लेटेड, जस्ताचा थर जेमतेम ५ ते १२ मायक्रॉन. राखाडी, खरबरीत दिसणारे हॉट-डिप, थर ५० मायक्रॉनच्या आसपास. ॲल्युमिनियमची सोलर रेल थेट जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) सांगाड्यावर कसू नका, मध्ये ईपीडीएम या ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराची पट्टी द्या.

पाइप हलतात, त्यांना हलू द्या

गच्चीचा पृष्ठभाग मे महिन्यात पहाट ते दुपार सहज ४० अंशांनी तापतो. ३० मीटरचा लोखंडी पाइप त्यात १४ मिमी वाढतो, तांब्याचा २० मिमी, पीव्हीसीचा तर ७० मिमीच्या वर. विटेवर ठेवून वर सिमेंट थापलेला पाइप ही वाढ कुठेतरी काढतोच: सांधा फोडून किंवा वीट घासत नेऊन मेम्ब्रेन कापून. लाकडी ठोकळे दोन पावसांत कुजतात. रबर तळाचे तयार आधार दर दीड ते दोन मीटरवर द्या, क्लॅम्प सैल ठेवा, घट्ट क्लॅम्प एकाच ठिकाणी. तांब्याच्या पाइपवरचं काळं नायट्राइल इन्सुलेशन उघडं ठेवलं तर उन्हाने तडकतं. वर पत्र्याचं किंवा ग्लासक्लॉथचं आवरण हवंच.

गळती कुठून, ते आधी ओळखा

पाऊस नसताना, फक्त एसी चालू असतानाच ठिबकत असेल तर ड्रेन पाइप किंवा फाटलेलं इन्सुलेशन. गच्चीला हात लावू नका. सर सुरू होऊन अर्ध्या तासात येत असेल तर पाइपचा स्लीव्ह (पाइप स्लॅबमधून जातो तिथली नळी), पॅरापेटची चीर किंवा वाऱ्याकडची भिंत. काही तासांनी सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस चालत असेल तर कोबा भिजला आहे. अशा वेळी छतावरचा डाग आणि वरची चीर यांत वीस-पंचवीस फुटांचं अंतर असू शकतं, म्हणून डागाच्या बरोबर वर कोट मारण्यात अर्थ नाही. बारमाही, पावसाशी संबंध नसलेला ओलावा असेल तर टाकी किंवा डाऊनटेक पाइप (टाकीतून खाली पाणी नेणारा).

पाणी भरून चाचणी घ्यायची तर अख्खी गच्ची भरू नका. विटा-मातीचा बांध घालून एकेक भाग ५० मिमी भरा, २४ तास ठेवा, आणि पुढचा भाग दोन दिवसांनी घ्या, नाहीतर कोब्यातलं जुनं पाणी तुम्हाला फसवेल. आधी मोकळा भाग, मग वाटा आणि पॅरापेट, शेवटी पेडेस्टल. लाकडी तुळयांच्या इमारतीत ही चाचणी करायचीच नाही.

कोट मारण्याआधी दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर, किमान १६ तास ठेवा. खालून घाम आला तर थांबा. ओल्या स्लॅबवरचा कोट फुगतोच. वाट्यात पिंपळाचं रोप असेल तर नुसतं छाटू नका, वाटा फोडून मूळ काढा. छाटलेला पिंपळ जोमाने येतो.

प्रिमायसेस सोसायटीने (गाळेधारकांच्या संस्थेने) एक पानी परवाना ठेवावा. गाळेधारकाचा एसीवाला वर जाण्यापूर्वी त्यावर चालू वजन, आधाराचा आराखडा, भोक पाडायचं असेल तर ते कोण बुजवणार त्याचं नाव आणि कामाआधीचा व नंतरचा फोटो लागेल. अनामत रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये परत करावी. चावी परवान्याशिवाय द्यायची नाही. मात्र आगीच्या वेळी गच्चीचं दार आतून चावीशिवाय उघडेल अशी कडी त्यावर असायलाच हवी.