आउटबोर्डची धार बारीक झाली की इंपेलर बदला

होडीचं आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन, चालू केलं की मागच्या भोकातून पाण्याची धार पडते. रोज पहिली नजर तिच्यावर जायला हवी. धार तुटक झाली किंवा वाफाळती आली तर इंजिन लगेच बंद करा आणि भोकात बारीक तार फिरवून पाहा. कुंभारमाशीने तिथे मातीचं घर केलेलं मी दोनदा काढलंय. भोक मोकळं असूनही धार नाही, तर बहुतेक इंपेलर गेला.

इंपेलर म्हणजे रबरी पात्यांची मुठीएवढी चकती. गियरकेसच्या (इंजिनाचा खालचा, पाण्यात फिरणारा पंखा असलेला भाग) डोक्यावर, पंपाच्या वाटीत ती फिरते आणि पाणी वर ढकलून इंजिन थंड ठेवते. पाणी हेच तिचं तेल. कोरडी फिरली तर काही सेकंदांत पाती जळतात. गोव्यात शापोरा किंवा मांडवी नदीच्या मुखाशी उथळ पाण्यात वाळू ओढली जाते, ती पाती आणि वाटी दोन्ही खाते. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर काढलेली असते, तेव्हा हे काम उरकावं. पण नवा इंपेलर जुलैअखेरीस बसवा. बसून राहिला की पाती एका बाजूला वाकलेलीच राहतात.

दुकानात इंजिनाचा मॉडेल नंबर सांगून पूर्ण किट घ्या. नुसता इंपेलर घेणं ही खोटी काटकसर.

आधी किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणारा स्विच) क्लिप काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, बॅटरी असेल तर तीही सोडा. गियर कुठल्या स्थितीत ठेवायचा हे मॅन्युअलमध्ये पाहा आणि गियररॉडच्या जोडाचा मोबाइलवर फोटो काढून मगच तो सोडवा. काही इंजिनांत एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या ट्रिम टॅबखाली (कल्ल्यासारखा धातूचा तुकडा) लपलेला असतो; टॅब काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा.

खरी कसोटी बोल्टांची. मीठ धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असा मागेपुढे करा. हिसका दिलात तर अ‍ॅल्युमिनियममधले आटे बोल्टाबरोबर बाहेर येतील.

बोल्ट निघाले की गियरकेस सरळ खाली ओढा. खाली जुनी चादर अंथरा, कारण पंपाची वाटी उचलली की शाफ्टवरची (इंपेलर फिरवणारा उभा दांडा) नखाएवढी चावी, म्हणजे इंपेलरला शाफ्टशी अडकवणारा धातूचा तुकडा, टुपकन पडते, आणि वाळूत ती सापडत नाही. आता जुन्या इंपेलरची पाती मोजा. एकदा माझ्या इंपेलरला सहाऐवजी पाचच निघाली. सहावं पातं वर पाणी नेणाऱ्या नळीत अडकलेलं होतं, तारेने काढलं. तसंच सोडलं असतं तर नवा इंपेलर असूनही इंजिन तापलंच असतं.

जुनं गॅस्केट (सांध्यातला पातळ थर) खरवडताना इंपेलरखालच्या प्लेटवर चरे पाडू नका. प्लेटवर किंवा वाटीत नख अडकेल एवढी खाच असेल तर तीही बदला. शाफ्टवर नवा इंपेलर चावीवर नीट बसवा, पात्यांना साबणाचं पाणी लावा. वाटी खाली दाबत शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने (वरून पाहता) फिरवा. पाती आपोआप एका बाजूला वळून आत जातात. बहुतेक इंजिनांत हीच दिशा असते, तरी मॅन्युअल पाहून घ्या. नंतर शाफ्ट उलटा फिरवू नका.

शाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावा, माथ्यावर नको. माथ्यावरचं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर जाऊ देत नाही. पाण्याची नळी रबरी बुचात शिरतेय का, हे वाकून डोळ्यांनी पाहा. शाफ्ट बसत नसेल तर थोडा फिरवून जुळवा, बोल्ट आवळून गियरकेस वर ओढू नका. बोल्टांना ग्रीस लावून ते आलटून पालटून आवळा. मग टॅब खुणेवर, गियररॉड फोटोप्रमाणे.

शेवटी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात, पंपाच्या वरपर्यंत बुडवून, न्यूट्रलमध्ये, उघड्या अंगणात चालू करा. अर्ध्या मिनिटात धार आली नाही तर बंद करा. बहुधा नळी बुचात बसलेली नसते. पुन्हा खाली ओढावं लागतं.